घरातील पडद्याची निवड : प्लाझ्मा आणि एलसीडी दूरचित्रवाणी संचांच्या स्पर्धेचा इतिहास (१९६४ ते २०१४)

सारांश

इ. स. १९९७ ते २०१४ या काळात सपाट पडद्याचा दूरचित्रवाणी संच घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकापुढे प्लाझ्मा आणि एलसीडी असे दोन पर्याय होते. अंधाऱ्या खोलीतील चित्राच्या दृष्टीने प्लाझ्मा संच अनेक बाबतींत सरस मानले जात असत. तरीही २०१४ च्या अखेरीस प्रमुख उत्पादकांनी त्यांचे उत्पादन थांबविले. हे का घडले, आणि यात घरातील ग्राहकाचा वाटा किती व कारखान्याचा किती, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. तंत्राची निवड ही चित्राच्या गुणवत्तेइतकीच ते चित्र जेथे पाहिले जाते त्या जागेवर आणि ते तंत्र इतर कोणत्या वस्तूंत वापरता येते यावर अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : दूरचित्रवाणी संच, प्लाझ्मा, एलसीडी, चित्रनलिका, तंत्रज्ञानाचा इतिहास, ग्राहकाची निवड.

प्रस्तावना

आपल्याकडे दूरचित्रवाणीचा इतिहास बहुतांशी प्रसारणाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झालेले प्रायोगिक प्रसारण, २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेले मुंबई केंद्र, १९८२ मधील रंगीत प्रसारण आणि १९९० नंतरच्या उपग्रह वाहिन्या हे त्याचे परिचित टप्पे होत. मात्र हे सर्व प्रसारण ज्या वस्तूवर पाहिले गेले, त्या वस्तूच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. घरातील बैठकीच्या खोलीची मांडणी, विजेचे बिल आणि कुटुंबाचा मोठा खर्च या तिन्हींशी त्या वस्तूचा संबंध आहे. त्यामुळे सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने तिचे महत्त्व कमी लेखता येत नाही.

सुमारे पन्नास वर्षे दूरचित्रवाणी संच म्हणजे काचेची जड चित्रनलिका असलेली पेटी असे समीकरण होते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते मोडले आणि मध्यमवर्गीय घरांत ‘प्लाझ्मा घ्यावा की एलसीडी?’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला. आज हा प्रश्न कोणी विचारत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा मिटलेल्या प्रश्नांकडे लक्ष द्यावयास हवे. प्रश्न मिटला म्हणजे त्याचे योग्य उत्तर मिळाले असे नेहमीच नसते.

उद्दिष्टे, गृहीतक व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) दोन्ही तंत्रांचा उगम व विकास यांचा आढावा घेणे, (२) घरगुती वापराच्या संदर्भात त्यांच्या गुणदोषांची तुलना करणे, (३) प्लाझ्माच्या अस्ताची कारणे तपासणे, आणि (४) या घडामोडीचा महाराष्ट्राशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

‘ज्या संचाचे चित्र अधिक चांगले तोच बाजारात टिकतो’ ही सर्वसाधारण समजूत येथे तपासणीसाठी गृहीतक म्हणून घेतली आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, तंत्रविषयक साहित्य आणि कंपन्यांनी वेळोवेळी जाहीर केलेले निर्णय यांचा आधार घेतला आहे.

१. दोन तंत्रांचा उगम

प्लाझ्मा पडद्याचा जन्म करमणुकीसाठी नव्हे, तर शिक्षणासाठी झाला, ही बाब प्राध्यापक वर्गाने आवर्जून लक्षात घेण्याजोगी आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० पासून ‘प्लेटो’ नावाची संगणकाधारित अध्यापन प्रणाली विकसित होत होती. विद्यार्थ्यासमोरच्या पडद्यावर चित्र टिकवून ठेवण्यासाठी चित्रनलिकेला ते सतत पुन्हा पुन्हा पुरवावे लागे आणि त्यासाठी लागणारी संगणकीय स्मृती त्या काळी अतिशय महाग होती. या अडचणीतून मार्ग काढताना डोनाल्ड बिट्झर, एच. जीन स्लॉटो आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ मध्ये प्लाझ्मा पडदा तयार केला. त्यातील वायूने भरलेला प्रत्येक सूक्ष्म कप्पा एकदा पेटला की पेटलेलाच राहत असे. पडदाच चित्र लक्षात ठेवत असल्याने वेगळ्या स्मृतीची गरज उरली नाही. १९७२ मध्ये आलेल्या ‘प्लेटो ४’ या आवृत्तीत ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचा, नारिंगी रंगाने उजळणारा आणि बोटाच्या स्पर्शाला प्रतिसाद देणारा प्लाझ्मा पडदा वापरला गेला. या शोधासाठी तिघांना २००२ मध्ये तांत्रिक कामगिरीचा एमी पुरस्कार देण्यात आला.

द्रव स्फटिकांचा इतिहास त्याहून जुना आहे. १८८८ मध्ये प्राग येथे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर यांना एक पदार्थ दोन निरनिराळ्या तापमानांना वितळताना आढळला. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेमान यांनी त्याचा पुढे अभ्यास केला आणि द्रव स्फटिक ही संज्ञा रूढ केली. या पदार्थाचा पडद्यासाठी उपयोग करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकेतील आरसीए कंपनीच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेत जॉर्ज हाइलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांचे स्वप्न भिंतीवर टांगता येईल अशा दूरचित्रवाणी संचाचे होते. १९६८ मध्ये कंपनीने हे संशोधन जाहीर केले. परंतु ते पुढे नेण्यात तिने फारसा रस घेतला नाही. जपानी कंपन्यांनी मात्र ते उचलले. शार्प कंपनीने १९७३ मध्ये द्रव स्फटिकाचा पडदा असलेला खिशात मावणारा गणकयंत्राचा नमुना बाजारात आणला. त्याच दशकाच्या प्रारंभी वेस्टिंगहाऊस कंपनीतील टी. पीटर ब्रॉडी यांनी प्रत्येक बिंदूला स्वतंत्र ट्रान्झिस्टर जोडण्याचे तंत्र विकसित केले. हाच पुढच्या सर्व एलसीडी संचांचा पाया ठरला.

येथे एक विसंगती नजरेत भरते. वर्गखोलीसाठी जन्मलेला प्लाझ्मा पुढे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेला, तर दिवाणखान्याच्या भिंतीसाठी कल्पिलेला एलसीडी प्रथम गणकयंत्रात व मनगटी घड्याळात स्थिरावला. हे वळण आरंभी एलसीडीची पीछेहाट वाटले असेल. परंतु पुढे तेच त्याचे बळ ठरले. त्याचे विवेचन चौथ्या भागात केले आहे.

२. रचना आणि त्यांतून उद्भवणारे गुणदोष

प्लाझ्मा पडद्यात दोन काचांमध्ये निऑन व झेनॉन वायूंनी भरलेले लाखो सूक्ष्म कप्पे असतात. विद्युतदाबामुळे वायूतून अतिनील किरण बाहेर पडतात आणि ते कप्प्याच्या आतील लाल, हिरव्या अथवा निळ्या फॉस्फरवर पडून दृश्य प्रकाश निर्माण होतो. म्हणजेच येथे प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असतो. काळा रंग दाखवावयाचा असेल तेथे तो बिंदू जवळजवळ विझतो. त्यामुळे काळा रंग गडद दिसतो, बाजूने पाहिले तरी चित्र फिके पडत नाही आणि धावत्या दृश्यात अस्पष्टता कमी असते.

एलसीडी पडद्यातील बिंदू स्वतः प्रकाश देत नाही. पडद्यामागे सतत जळणारे दिवे असतात आणि द्रव स्फटिक हे खिडकीच्या झडपेप्रमाणे तो प्रकाश अडवितात किंवा सोडतात. झडप पूर्णपणे बंद होत नसल्यामुळे काळा रंग करडा दिसतो. प्रारंभीच्या संचांत बाजूने पाहणाऱ्यास रंग बदललेले दिसत आणि क्रिकेटच्या सामन्यात चेंडूमागे पुसट शेपूट उमटे. २००७ पासून सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारे संच येऊ लागले, तेव्हा हा दोष बराच कमी झाला.

प्लाझ्मालाही त्याचे दोष होते. त्याचा पडदा काचेचा असल्याने त्यात खिडकीचे प्रतिबिंब दिसे. तो वजनाने जड होता आणि अधिक तापत असे. एकच स्थिर आकृती दीर्घकाळ राहिली तर तिचा ठसा पडद्यावर उमटण्याचा धोका असे. शिवाय कप्पे एका मर्यादेपलीकडे लहान करणे कठीण असल्यामुळे छोट्या आकारात जास्त बिंदू बसविता येत नसत. परिणामी घरगुती प्लाझ्मा संच मुख्यतः ४२ इंच व त्यावरील आकारातच मिळत.

या खऱ्या दोषांबरोबर काही गैरसमजही पसरले होते. प्लाझ्मामधील वायू काही वर्षांनी पुन्हा भरावा लागतो, असे दुकानांतून ऐकावयास मिळे. त्यात तथ्य नव्हते. कप्पे कायमचे बंद केलेले असतात. दुसरी भीती आयुष्याविषयी होती. पडद्याची चमक निम्म्यावर येण्यास ६०,००० तास लागतील असे उत्पादक सांगत. दिवसाला सहा तास संच चालविला तर हा काळ सत्तावीस वर्षांहून अधिक होतो. तेव्हा संचाचे आयुष्य हा या निवडीतील निर्णायक मुद्दा नव्हता.

३. प्रयोगशाळेतून दिवाणखान्यात

रंगीत प्लाझ्माच्या विकासाचे श्रेय मोठ्या प्रमाणात जपानच्या फुजित्सू कंपनीकडे जाते. तिने १९९२ मध्ये २१ इंची रंगीत पडदा सादर केला आणि त्यानंतर काही वर्षांत ४२ इंची पडदा तयार केला. १९९७ मध्ये फिलिप्स कंपनीने फुजित्सूचा पडदा वापरून ४२ इंची संच अमेरिकेत विक्रीस आणला. त्याची किंमत सुमारे १५,००० डॉलर होती. अर्थात हा संच कुटुंबासाठी नव्हता. तो प्रतिष्ठेची वस्तू म्हणून विमानतळ, हॉटेले आणि धनिकांची घरे येथे गेला.

एलसीडीची वाटचाल उलट दिशेने झाली. शार्प कंपनीने १९८८ मध्ये १४ इंची रंगीत पडदा तयार केला. १९९० च्या दशकात मांडीवरच्या संगणकांमुळे आणि नंतर टेबलावरच्या संगणकांच्या सपाट पडद्यांमुळे या तंत्राला मोठी मागणी मिळाली. १९९८ मध्ये शार्पचे अध्यक्ष कात्सुहिको माचिदा यांनी २००५ पर्यंत जपानमधील आपले सर्व दूरचित्रवाणी संच एलसीडीचे करण्याचा संकल्प जाहीर केला. त्या वेळी तो अनेकांना धाडसी वाटला होता.

२००० ते २००५ या काळात बाजारात एक अलिखित विभागणी होती. ३७ इंचांपर्यंत एलसीडी आणि ४२ इंचांपासून पुढे प्लाझ्मा. म्हणजे त्या काळात दोन तंत्रांमध्ये थेट निवड करण्याचा प्रसंग फारसा येत नसे. खोलीचा आकार आणि खिसा या दोहोंवरून निर्णय होई. खरी स्पर्धा ही सीमा मोडल्यावर सुरू झाली.

४. कारखान्यातील स्पर्धा

ही सीमा काचेच्या आकाराने मोडली. एलसीडीचे पडदे मोठ्या काचेवर एकत्र तयार करून मग कापले जातात. काच जितकी मोठी, तितके एका वेळी अधिक किंवा अधिक मोठे पडदे निघतात. शार्पने २००४ मध्ये जपानमधील कामेयामा येथे सुरू केलेल्या कारखान्यात सुमारे १.५ मीटर गुणिले १.८ मीटर आकाराची काच वापरली जात होती. २००९ मध्ये साकाई येथील कारखान्यात ती जवळजवळ तीन मीटर लांबीपर्यंत पोहोचली. त्याच सुमारास दक्षिण कोरिया व तैवान येथील कंपन्यांनीही प्रचंड गुंतवणूक केली. चित्रनलिकेच्या युगातील अग्रणी असलेल्या सोनीने २००४ मध्ये सॅमसंगबरोबर एलसीडी पडद्यांसाठी संयुक्त कंपनी स्थापन केली. २००७ च्या अखेरच्या तिमाहीत जगात प्रथमच चित्रनलिकेच्या संचांपेक्षा एलसीडी संच अधिक संख्येने वितरित झाले. २०१० मध्ये प्लाझ्माच्या सुमारे दहापट एलसीडी संच विकले गेले.

येथे पहिल्या भागातील विसंगतीचा उलगडा होतो. घड्याळे, गणकयंत्रे, संगणक व भ्रमणध्वनी या सर्वांसाठी एलसीडी लागत असल्याने त्याच्या संशोधनाचा खर्च अनेक बाजारपेठांत विभागला गेला. प्लाझ्मा मात्र मोठ्या पडद्याशिवाय कोठेही वापरता येत नव्हता. एका तंत्रामागे अनेक उद्योग उभे होते. दुसऱ्यामागे मूठभर कंपन्या.

त्या कंपन्यांनी पराभव सहजासहजी मान्य केला नाही. मात्सुशिता (पुढे पॅनासॉनिक) कंपनीने २००६ मध्ये १०३ इंची प्लाझ्मा सादर केला. २००७ मध्ये शार्पने १०८ इंची एलसीडी दाखविला, तर २००८ मध्ये पॅनासॉनिकने १५० इंची प्लाझ्मा आणला. घरात न मावणाऱ्या संचांची ही चढाओढ प्रामुख्याने प्रतिष्ठेची होती. दुसरीकडे पायोनियर कंपनीने २००७ मध्ये ‘कुरो’ ही मालिका आणली. जपानी भाषेत कुरो म्हणजे काळा. गडद काळ्या रंगासाठी या संचांची जाणकारांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली. मात्र २००९ च्या फेब्रुवारीत पायोनियरने दूरचित्रवाणी व्यवसायातूनच बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. गृहीतकाच्या तपासणीसाठी याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे.

पॅनासॉनिकने जपानमधील आमागासाकी येथे प्लाझ्माचे एकामागून एक कारखाने उभारले होते. तेथील सर्वांत नव्या कारखान्याचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय सुरू झाल्यापासून दोनच वर्षांत, २०११ मध्ये घ्यावा लागला. मार्च २०१२ व मार्च २०१३ अखेर संपलेल्या दोन आर्थिक वर्षांत कंपनीला प्रत्येकी ७५० अब्ज येनहून अधिक तोटा झाला. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी तिने प्लाझ्मा उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. २०१४ च्या अखेरीस सॅमसंग व एलजी यांनीही तोच मार्ग पत्करला.

विजेत्यांच्या वाट्यालाही निर्भेळ यश आले नाही. पडद्यांचे दर संगनमताने ठरविल्याबद्दल २००८ मध्ये अमेरिकेत शार्पसह तीन कंपन्यांनी दोष मान्य करून एकूण ५८.५ कोटी डॉलर दंड भरण्याचे कबूल केले. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०१० मध्ये अशाच कारणावरून एलसीडी उत्पादकांना सुमारे ६५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. किंमत पाहून निवड करणाऱ्या ग्राहकापुढे आलेली किंमतच काही वर्षे मुक्त स्पर्धेतून ठरलेली नव्हती, ही बाब महत्त्वाची आहे. शार्प कंपनीही पुढे तोट्यात गेली आणि २०१६ मध्ये तैवानच्या होन हाय उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली.

५. घरातील निवड : प्रकाश, वीज आणि प्रसारण

असे असले तरी सारा निर्णय कारखान्यातच झाला, असे म्हणणे एकांगी ठरेल. ग्राहकाने एलसीडीला पसंती दिली, त्यामागे काही सबळ कारणे होती.

पहिले कारण प्रकाशाचे. प्लाझ्माचे गुण मंद प्रकाशात दिसतात. दुकानात मात्र डोक्यावर लखलखीत दिवे असतात. तेथे एलसीडी तेजस्वी आणि प्लाझ्मा निस्तेज दिसे. हा दुकानाने केलेला अन्याय होता, असे प्लाझ्माचे पुरस्कर्ते म्हणत. परंतु सामान्य कुटुंबाची बैठकीची खोली ही चित्रपटगृहासारखी अंधारी नसते. तेथे दुपारी खिडकी उघडी असते, रात्री दिवा चालू असतो, एका कोपऱ्यात मुले अभ्यास करतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात भाजी निवडली जाते. अशा घराचे साम्य दुकानाशी अधिक होते.

दुसरे कारण विजेचे. त्या दशकाच्या मध्यातील ४२ इंची प्लाझ्मा संच साधारणपणे ३०० वॅट आणि तेवढाच एलसीडी २०० वॅट वीज घेतो असे उदाहरणादाखल धरले, तर रोज पाच तासांच्या वापरात महिन्याला १५ युनिटांचा फरक पडतो. हा फरक फार मोठा नव्हे. परंतु शासनांनी त्याची दखल घेतली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने नोव्हेंबर २००९ मध्ये संचांच्या वीजवापरावर मर्यादा घालणारे नियम संमत केले आणि ते २०११ पासून लागू झाले. त्याच काळात एलसीडीच्या मागील नळीदिव्यांच्या जागी एलईडी दिवे आल्याने वीजवापर आणखी घटला आणि संच सडपातळ झाले. २००९ पासून अशा संचांची ‘एलईडी टीव्ही’ या नावाने जाहिरात होऊ लागली. वास्तविक तो एलसीडीच होता. परंतु नव्या नावामुळे प्लाझ्मा जुनाट वाटू लागला.

तिसरे कारण प्रसारणाचे. हे भारतीय घराला विशेष लागू पडते. त्या काळातील आपले बहुतेक प्रसारण ४ : ३ या जुन्या प्रमाणात होते, तर नवे संच १६ : ९ या रुंद प्रमाणाचे. ३२ इंची रुंद पडद्यावर जुन्या प्रमाणातील चित्र योग्य आकारात दाखविल्यास ते जेमतेम २६ इंचांचे होते आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. पैसे मोजून घेतलेला पडदा रिकामा राहिलेला कोणाला रुचणार? म्हणून अनेक घरांत चित्र ताणून पाहिले जाई आणि कलाकार आडवे व स्थूल दिसत. प्लाझ्मावर मात्र या पट्ट्यांचा ठसा उमटण्याची भीती होती. २००७ मध्ये झी २४ तास व स्टार माझा आणि २००८ मध्ये आयबीएन लोकमत या मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्या. पडद्याच्या तळाशी सतत दिसणारी बातम्यांची पट्टी आणि कोपऱ्यातील बोधचिन्ह हे दिवसभर बातम्या लावणाऱ्या घरातील प्लाझ्मासाठी प्रतिकूलच होते.

६. महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रातील परिस्थितीने या कारणांत भर घातली. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात भारनियमन तीव्र होते आणि असंख्य घरांत इन्व्हर्टर आले होते. इन्व्हर्टरवर दोन पंखे, दोन दिवे आणि दूरचित्रवाणी संच चालवावयाचा असेल, तर १०० वॅटचा फरक बिलापेक्षा बॅटरीत अधिक जाणवतो.

घरातील लाकडी सामानाचाही यात वाटा होता. प्रस्तुत लेखकाच्या घरी २००९ मध्ये नवा संच घेताना वडिलांनी प्रथम भिंतीतील शोकेसचा कप्पा टेपने मोजला होता. सुताराने तो २९ इंची चित्रनलिकेच्या पेटीसाठी केलेला होता. त्यात ३२ इंची एलसीडी बसत होता. ४२ इंची प्लाझ्मा बसत नव्हता. काळ्या रंगाच्या गडदपणाची चर्चा आमच्या घरी झालीच नाही. हा एका घराचा अनुभव असला, तरी ज्या घरांत असे कप्पे होते तेथे सुताराची जुनी मापे नव्या तंत्राचा निर्णय करीत होती, असे मानण्यास जागा आहे. परदेशप्रवासाची संधी असलेल्यांची निवड वेगळी असे. दुबई, सिंगापूर वा बँकॉकहून येताना प्रवासी सामानातून सपाट संच आणीत. २६ ऑगस्ट २०१३ पासून अशा संचांना प्रवासी सामानातील करसवलत मिळणे बंद झाले.

या स्पर्धेचा औद्योगिक परिणामही महाराष्ट्राने अनुभवला. औरंगाबादजवळील (आताचे छत्रपती संभाजीनगर) चितेगाव येथे कारखाना असलेल्या व्हिडिओकॉन कंपनीने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनलिका व्यवसाय सुमारे २४ कोटी युरोंना विकत घेतला. त्यात पोलंड, इटली, मेक्सिको व चीन येथील कारखान्यांचा समावेश होता. मराठवाड्यातून वाढलेल्या कंपनीने युरोपीय उद्योग विकत घ्यावा, याचे तेव्हा कौतुक झाले. भारतात चित्रनलिकेचे संच त्या वेळी मोठ्या प्रमाणावर विकले जात असल्याने हा निर्णय अगदीच निराधार नव्हता. परंतु दोनच वर्षांत एलसीडीने चित्रनलिकेला जगभरात मागे टाकले आणि परदेशातील ते कारखाने तग धरू शकले नाहीत. दूरसंचार, तेल व वायू अशा इतर क्षेत्रांतील गुंतवणूक व कर्ज ही कंपनीच्या संकटाची मोठी कारणे होती. २०१८ मध्ये तिच्यावर दिवाळखोरी संहितेखालील कार्यवाही सुरू झाली. तथापि सपाट पडद्याच्या वेगाचा अंदाज चुकण्याची किंमत कारखान्यावर अवलंबून असलेल्या गावांनाही मोजावी लागते, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

आणखी एक फरक नमूद करावयास हवा. चित्रनलिका व तिची काच भारतात तयार होत असे. सपाट पडद्याची मूळ काच मात्र आपल्याकडे तयार झाली नाही. रांजणगावसारख्या औद्योगिक वसाहतींत झाली ती प्रामुख्याने आयात पडद्यांची जुळणी. २०१५-१६ च्या सुमारास नागपूरजवळील बुटीबोरी येथे एलसीडी पडद्यांचा कारखाना उभारण्याचा संकल्प जाहीर झाला होता; तो प्रत्यक्षात उतरला नाही. घरातील संच अधिक आधुनिक होत असताना त्याच्या निर्मितीतील आपला वाटा घटला.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ‘ज्याचे चित्र चांगले तो टिकतो’ हे गृहीतक सिद्ध होत नाही. मंद प्रकाशातील चित्राच्या निकषावर प्लाझ्मा सरस असूनही तो टिकला नाही.

२) एलसीडीच्या यशाचे प्रमुख कारण त्याची सर्वत्र उपयुक्तता हे होते. लहान वस्तूंतून मिळविलेले कौशल्य व भांडवल त्याला मोठ्या पडद्यापर्यंत घेऊन गेले.

३) ग्राहक फसला असेही म्हणता येत नाही. उजेड असलेली खोली, अपुरी वीज, ठरलेल्या मापाचे कप्पे आणि जुन्या प्रमाणातील प्रसारण या परिस्थितीत एलसीडी हीच व्यवहार्य निवड होती. चांगले चित्र कोणते, याचे उत्तर ते कोठे पाहिले जाते यावर अवलंबून असते.

४) ग्राहकाचे स्वातंत्र्य मर्यादित होते. त्याच्यापुढे कोणते आकार यावेत, कोणती नावे यावीत आणि काही काळ कोणते दर यावेत, हे अन्यत्र ठरत होते.

५) पराभूत तंत्राची कल्पना नष्ट होत नाही. २०१३ पासून घरगुती बाजारात आलेल्या मोठ्या ओएलईडी संचांत प्रत्येक बिंदू पुन्हा स्वयंप्रकाशी झाला आहे. साधन वेगळे असले तरी तत्त्व प्लाझ्माचेच आहे.

समारोप

अशा अभ्यासासाठी लागणारी साधने वेगाने नाहीशी होत आहेत. खरेदीची बिले, हमीपत्रे, दुकानांची माहितीपत्रके आणि वृत्तपत्रांतील सणासुदीच्या जाहिराती कोणी जपून ठेवीत नाही. आपल्या महाविद्यालयांपुरते बोलावयाचे तर जडवस्तू संग्रह नोंदवही हे एक उत्तम साधन आहे. संच कधी घेतला, किती रुपयांना घेतला, कोणत्या विभागाला दिला आणि कधी निर्लेखित केला, याच्या तारीखवार नोंदी तीत असतात. निर्लेखनाबरोबर जुन्या नोंदवह्याही रद्दीत जातात, ही चिंतेची बाब आहे. वर्गखोलीसाठी जन्मलेल्या एका पडद्याची आपल्या वर्गखोल्यांतील अखेरची नोंद तरी जतन व्हावी, यासाठी इतिहास विभागांनी पुढाकार घेणे आवश्यक आहे.